कारखान्यात पाळणाघर सुरू केल्यास आयकरात नेमकी कोणती वजावट मिळते?

शिरगावचा_यंत्रकार · 24 ऑगस्ट 2025

नमस्कार. आमची भागीदारी संस्था गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत असून फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणे हे आमचे काम आहे. एकूण 38 कर्मचारी आहेत आणि त्यांपैकी 18 महिला आहेत. बहुतेक जणी तपासणी व पॅकिंग विभागात असून कणेरी, कणेरीवाडी, उजळाईवाडी या जवळच्या गावांतून येतात. गेज आणि व्हर्नियर हाती बसलेली बाई बाळंतपणानंतर मूल सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून काम सोडते, आणि तिच्या जागी घेतलेल्या नवीन मुलीचा हात बसेपर्यंत ग्राहकाकडून माल परत येत राहतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

त्यामुळे गेटजवळच्या जुन्या स्टोअर रूमचे पाळणाघर करावे असा आम्हा भागीदारांचा विचार आहे. फरशी, लहान मुलांचे स्वच्छतागृह, पाळणे, कपाटे, एसी, कॅमेरे वगैरे धरून सुरुवातीचा खर्च अंदाजे 6 लाख रुपये येईल. त्यानंतर दोन ताई, एक मदतनीस, दूध, खाऊ आणि वीज मिळून महिन्याला सुमारे 80,000 रुपये लागतील. उद्घाटन दिवाळी पाडव्याला, म्हणजे 22 ऑक्टोबरला करायचे आहे.

मोबाईलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओत असे सांगितले आहे की, पाळणाघरावर खर्च करणाऱ्या उद्योगाला सरकार करातून 40 टक्के परत देते. हे आपल्याकडे लागू आहे का? आमच्यावर पाळणाघराची कायदेशीर सक्ती नाही असे आमचे लेबर कन्सल्टंट म्हणतात. मग स्वखुशीने केलेला हा खर्च करनिर्धारणाच्या वेळी नाकारला जाईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

राजारामपुरी_करसल्लागार · 25 ऑगस्ट 2025

व्हिडिओतील माहिती खोटी नाही, पण ती अमेरिकेची आहे. तेथे मालकाने पाळणाघरावर केलेल्या खर्चाच्या 25 टक्के रक्कम थेट करातून वजा करण्याची सवलत 2001 च्या कायद्याने आली. यंदा जुलैमध्ये झालेल्या कायद्याने 2026 पासून ती 40 टक्के आणि लहान उद्योगांसाठी 50 टक्के केली असून वार्षिक कमाल मर्यादा दीड लाख डॉलरवरून पाच लाख डॉलर, लहान उद्योगांसाठी सहा लाख डॉलर केली आहे. आपल्या आयकर अधिनियमात अशी कोणतीही खास सवलत नाही. आपल्याकडे पाळणाघराचा खर्च हा धंद्याचा इतर खर्च ज्या दाराने आत येतो त्याच दाराने येतो, आणि तो करातून वजा न होता उत्पन्नातून वजा होतो. भागीदारी संस्थेला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के भरावे लागतात. म्हणून तुमच्या प्रत्येक शंभर रुपयांच्या मान्य खर्चामागे 31 रुपये 20 पैसे कर वाचेल आणि उरलेले तुमच्याच खिशातून जातील. उत्पन्न एक कोटीच्या वर असेल तर अधिभारामुळे हा आकडा थोडा वाढतो.

आता सक्ती नसतानाच्या खर्चाविषयी. कलम 37(1) नुसार खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा, तो भांडवली किंवा वैयक्तिक नसावा, इतकीच अट आहे. तो ‘आवश्यक’ असावा अशी अट कायद्यात नाही. 1961 च्या विधेयकात तो शब्द होता, परंतु व्यापारी वर्गाने विरोध केल्यावर तो वगळण्यात आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ससून जे. डेव्हिड या कंपनीच्या 1979 च्या निकालात या इतिहासाचा आधार घेऊन स्पष्ट केले की, धंद्याच्या हितासाठी स्वेच्छेने केलेला खर्चही वजावटीस पात्र ठरतो आणि त्यातून दुसऱ्या कोणाचा फायदा झाला म्हणून तो अपात्र होत नाही. प्रशिक्षित महिला कामावर टिकाव्यात हे तुमचे कारण अस्सल व्यापारी कारण आहे. ते आजच भागीदारांच्या सभेच्या ठरावात लिहून ठेवा. दोन वर्षांनी नोटीस आल्यावर लिहिलेल्या कारणाला वजन राहत नाही.

महिन्याचे 80,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 9,60,000 रुपये, हा महसुली, म्हणजे रोजच्या चालवण्याचा, खर्च आहे आणि तो ज्या त्या वर्षी पूर्ण वजा होईल. त्यावर पूर्ण वर्षात वाचणारा कर 2,99,520 रुपये. सुरुवातीच्या 6 लाखांचे तसे नाही. त्यातील नवीन बांधकाम, स्वच्छतागृह, फर्निचर आणि उपकरणे हा भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्तेवरचा, खर्च असून त्यावर फक्त घसारा, म्हणजे दरवर्षी किमतीच्या ठरावीक टक्क्यांची वजावट, मिळतो. समजा खोलीच्या कामाला साडेतीन लाख, फर्निचरला दीड लाख आणि एसी, पाणी शुद्धीकरण यंत्र, कॅमेरे यांना एक लाख लागले, तर पहिल्या दोहोंवर 10 टक्के आणि तिसऱ्यावर 15 टक्के दराने पहिल्या वर्षी एकूण 65,000 रुपये घसारा बसेल आणि त्यावर 20,280 रुपये कर वाचेल. मात्र जुन्या भिंतींची रंगरंगोटी, गळती काढणे, तुटलेल्या फरशा बदलणे ही चालू दुरुस्ती आहे, तिला भांडवली खर्चात ढकलू नका. ठेकेदाराकडून दोन वेगळी बिले घेतली तर पुढचा वाद टळतो. गाद्या, भांडी, खेळणी असे किरकोळ साहित्यही महसुली खर्चात घ्यावे.

आणि मुहूर्ताचे बघा. मालमत्ता त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर घसारा निम्माच मिळतो. पाडव्याला सुरू केले तर 31 मार्चपर्यंत 161 दिवस भरतात, म्हणजे 65,000 ऐवजी 32,500. यंदा दसरा 2 ऑक्टोबरला असल्याने काठावर 181 दिवस भरतात, पण त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी आहे, कारखाना बंद असणार आणि पाळणाघरात मूल नसणार; केवळ फीत कापणे म्हणजे वापर नव्हे. त्यापेक्षा 22 सप्टेंबरला, घटस्थापनेला सुरू करा, मुहूर्तही साधेल. अर्थात काम तोपर्यंत नीट पूर्ण होत नसेल तर ओल्या फरशीवर मुले बसवू नका. निम्म्या घसाऱ्यामुळे यंदा फरक पडतो तो 10,140 रुपये कराचा, आणि राहिलेला घसाराही बुडत नाही, पुढच्या वर्षांच्या शिल्लक किमतीवर मिळत राहतो.

जीएसटीबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फर्निचर आणि कॅमेऱ्यांवरील कराचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वजा करणे) घेता येते, परंतु ते घेतले की तेवढ्या रकमेवर घसारा मागता येत नाही. बांधकामाचा जो भाग भांडवली खात्यात जातो त्यावरचे क्रेडिट कलम 17(5) ने रोखलेले आहे. बाहेरून शिजवलेले अन्न मागवल्यास त्याचेही क्रेडिट मिळत नाही. कायद्याने सुविधा देणे बंधनकारक असलेल्या मालकालाच तो अपवाद आहे आणि तुम्ही त्यात बसत नाही.

कागल_मनुष्यबळ · 25 ऑगस्ट 2025

करसल्लागार सरांनी कराची बाजू सांगितली आहे, मी कामगार कायद्याची आणि प्रत्यक्ष चालवण्याची सांगते. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळणाघराची जबाबदारी माझ्याकडे आहे.

कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 48 नुसार 30 पेक्षा जास्त महिला कामगार असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर लागते. मातृत्व लाभ अधिनियमात 2017 साली आलेल्या कलम 11अ नुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ते लागते, आणि यातील 50 हा आकडा महिलांचा नसून सर्व कर्मचाऱ्यांचा आहे. ही बाब आपल्याकडील अनेक मालकांच्या लक्षात येत नाही. ‘आमच्याकडे बायका आठच आहेत’ असे सांगून ते मोकळे होतात. तुम्ही 38 वर आहात, पण दुसरी पाळी सुरू केली की 50 चा टप्पा लांब राहत नाही, म्हणून आताच खोली थोडी मोठी घ्यावी. त्याच कलमाने आईला दिवसातून चार वेळा, विश्रांतीची वेळ धरून, मुलाकडे जाण्याची मुभा दिली आहे. तुमच्यावर बंधन नसले तरी ही मुभा द्याच, कारण अंगावर पिणाऱ्या बाळाची आई या मुभेशिवाय येणार नाही.

केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी ताई असे प्रमाण आहे. दोन ताई आणि एक मदतनीस हा तुमचा अंदाज त्यामुळे योग्य वाटतो. वेळेचे मात्र आधी ठरवा. माझ्या माहितीतील एका कारखान्यात पहिली पाळी सकाळी सातला लागत असे आणि पाळणाघर उघडत असे नऊला. साहजिकच खोली सजवलेली आणि रिकामी राहिली. पाळणाघर पाळीच्या अर्धा तास आधी उघडून पाळीनंतर अर्ध्या तासाने बंद झाले पाहिजे, आणि त्या जादा तासाचे पैसे ताईंच्या पगारात धरले पाहिजेत.

कागदपत्रांविषयी सांगते, कारण शेवटी वजावट त्यांच्यावरच उभी असते. आमच्याकडे दाराशी एक लांब वही असते. तिच्यात मुलाचे नाव, आईचा टोकन नंबर, येण्याची व जाण्याची वेळ आणि आईची सही किंवा अंगठा असतो. शेवटच्या रकान्यात ताई ‘दूध प्यायला नाही’, ‘अंग कोमट’ असे काहीबाही लिहीत असतात. ही वही आईच्या समाधानासाठी सुरू केली होती, पण पाळणाघर खरोखर चालते आणि त्यात आमच्याच कामगारांची मुले असतात याचा तिच्याइतका चांगला पुरावा हिशेब तपासणीतही दुसरा नसतो. दूधवाल्याचा रतीब त्याच्या खिशातल्या डायरीवर न ठेवता महिन्याचे बिल घ्यावे आणि बँकेतून द्यावे. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च कलम 40अ(3) खाली नाकारला जातो, आणि महिन्याचा रतीब एकदम चुकता केला की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

एक विनंती. पाळणाघराऐवजी प्रत्येकीला महिन्याला दीड-दोन हजार रुपये भत्ता द्यावा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कराच्या दृष्टीने तो पगारच आहे, तुम्हाला त्याची वजावटही मिळेल. पण ज्या गावात पाळणाघरच नाही तेथे ती बाई त्या पैशांचे काय करणार?

उद्यमनगरचा_लेथवाला · 26 ऑगस्ट 2025

चर्चा वाचली. शिवाजी उद्यमनगरात आमची छोटी वर्कशॉप आहे, उलाढाल दीड कोटीच्या आसपास. आम्ही कलम 44अड खाली अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरतो. आमच्यासारख्याने पाळणाघरावर खर्च केला तर हे सगळे गणित लागू होते का? दुसरे असे की, 9 लाख खर्च करून 3 लाख वाचवायचे, हा हिशेब मला तरी पटत नाही. कर वाचवण्यासाठी म्हणून कोणी हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राजारामपुरी_करसल्लागार · 26 ऑगस्ट 2025

तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. 31 टक्के वाचतात म्हणून 69 टक्के खर्च करणे हा शहाणपणा नव्हे. प्रश्नकर्त्यांचा खरा हिशेब परत येणाऱ्या मालाचा आणि सोडून जाणाऱ्या महिलांचा आहे. तो जुळत असेल तरच करबचत हा त्यावरचा आधार आहे.

अनुमानित पद्धतीत उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर 6 टक्के, नफा गृहीत धरला जातो. घसाऱ्यासह सर्व खर्च त्यात आधीच वजा झाला असे कायदा मानतो, त्यामुळे पाळणाघरावर एक रुपया घालवला काय किंवा दहा लाख घातले काय, तुमचा कर तेवढाच राहतो. वजावट हवी असेल तर पूर्ण हिशेब ठेवून त्या पद्धतीबाहेर पडावे लागेल. गृहीत नफ्यापेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडल्यास पुढील पाच वर्षे तिच्यात परत येता येत नाही, आणि बहुतेक प्रकरणांत लेखापरीक्षणाचा खर्चही मागे लागतो. केवळ पाळणाघरासाठी तसे करू नये.

शिरगावचा_यंत्रकार · 28 ऑगस्ट 2025

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गणपती बसले, आरतीनंतर शेजारच्या तीन कारखानदारांशी यावर बोलणे झाले. चौघांनी मिळून एकच पाळणाघर चालवावे असे ठरत आहे. त्यासाठी एक ट्रस्ट किंवा संस्था नोंदवावी, चौघांनी तिला दर महिन्याला वर्गणी द्यावी आणि ती वर्गणी ज्याने त्याने खर्चात टाकावी अशी कल्पना आहे. एका शेजाऱ्यांची खासगी मर्यादित कंपनी असून त्यांच्याकडे 70 कर्मचारी आहेत. त्यांना सीएसआर (कंपनीने नफ्यातून करायचा सक्तीचा सामाजिक खर्च) लागू आहे, तेव्हा त्यांचा वाटा त्या निधीतून द्यावा असे ते म्हणतात. यात काही अडचण आहे का?

राजारामपुरी_करसल्लागार · 29 ऑगस्ट 2025

अडचण आहे, आणि ट्रस्टचा कागद होण्यापूर्वी विचारलेत हे बरे झाले.

आयकर अधिनियमातील कलम 40अ(9) सहसा कोणी उघडून पाहत नाही. मालकाने, मालक या नात्याने, कोणताही फंड, ट्रस्ट, कंपनी, नोंदणीकृत संस्था किंवा अन्य संघटना स्थापन करण्यासाठी किंवा तिला वर्गणी म्हणून दिलेली रक्कम या कलमाने नाकारली जाते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी अशा मान्य निधींना दिलेली रक्कम आणि अन्य कायद्याने देणे भाग असलेली रक्कम एवढेच त्याला अपवाद आहेत. कामगार कल्याणाच्या नावाखाली मालकांनी आपल्याच ताब्यातील ट्रस्टमध्ये पैसे वळवू नयेत म्हणून ही तरतूद आली, पण तिच्या जाळ्यात तुमच्यासारखे सरळ हेतूचे लोकही सापडतात. 70 कर्मचारी असलेले तुमचे शेजारी ‘कायद्याने भाग आहे’ या अपवादाचा आधार घेऊ शकतील. तुम्हाला 38 कर्मचाऱ्यांवर तो आधार नाही आणि तुमची संपूर्ण वर्गणी धोक्यात येईल.

यावर उपाय असा की वर्गणी द्यायचीच नाही. चौघांपैकी एकाने, सोयीचे म्हणजे तुम्हीच, पाळणाघर उभारावे आणि इतर तिघांना त्यांच्या मुलांच्या संख्येनुसार दरमहा सेवेचे बिल द्यावे. किंवा पाळणाघर चालवण्याचा अनुभव असलेल्या बाहेरच्या संस्थेशी चौघांनी वेगवेगळा लेखी करार करून तिच्या बिलानुसार पैसे द्यावेत. मग ती देणगी किंवा वर्गणी न राहता घेतलेल्या सेवेचा मोबदला होतो आणि कलम 37(1) खाली सरळ बसते. बाहेरच्या संस्थेला पैसे देताना कलम 194क खाली टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागेल: वैयक्तिक चालकास 1 टक्का, संस्थेस 2 टक्के, एका बिलाची रक्कम 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेल्यास. तो न कापल्यास खर्चाचा 30 टक्के भाग नाकारला जातो.

दुसऱ्याच्या जागेत आपण खर्च केला तर तो आपला कसा, अशी शंका कोणी काढल्यास साखर कारखान्याचेच उदाहरण द्यावे, आपल्या जिल्ह्यात ते लगेच कळते. एल. एच. शुगर फॅक्टरीच्या 1980 च्या निकालात कारखान्याने आजूबाजूच्या रस्त्यांसाठी दिलेली 50,000 रुपयांची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने महसुली खर्च म्हणून मान्य केली. रस्ते सरकारचे होते, पण ऊस वेळेवर येणे हा कारखान्याचा फायदा होता.

सीएसआरचे मात्र होणार नाही. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारा उपक्रम सीएसआरच्या नियमांत बसत नाही, आणि जो खर्च सीएसआर म्हणून दाखवला जातो तो कलम 37 च्या दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार वजावटीस अपात्र ठरतो. शेजाऱ्यांनी तो साधा व्यावसायिक खर्च म्हणूनच दाखवावा, तो त्यांना मिळेल. कंपनीने 22 टक्के सवलतीच्या कराचा पर्याय घेतला असेल तरीही हा खर्च आणि साधा घसारा मिळतो. अधिभार व उपकर धरून त्यांची बचत शंभराला 25 रुपये 17 पैसे इतकी असेल. शिवाय 50 वरील आस्थापनेला सामायिक पाळणाघर चालते असे कलम 11अ मध्येच म्हटले आहे, म्हणजे त्यांचे बंधनही याच खोलीतून पूर्ण होते. त्यांनी नेमणुकीच्या वेळी प्रत्येक महिलेला या सुविधेची माहिती लेखी द्यावी, तेही त्याच कलमाने बंधनकारक आहे.

1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू होणार असल्याने पुढील वर्षीच्या कागदपत्रांत कलमांचे क्रमांक बदललेले असतील. करारात कलमांचे क्रमांक न घालता केवळ सेवेचे स्वरूप, दर आणि वेळ लिहावी.

कागल_मनुष्यबळ · 29 ऑगस्ट 2025

चौघांचे मिळून करणार असाल तर सर्व कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा आधी एका कागदावर मांडा, आणि चौघांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगळ्या असतील तर पाळणाघर आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवावे लागेल, म्हणजे तिसरी ताई लागेल. खोलीचे अंतर पायी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, नाहीतर अंगावर पाजायला जाणाऱ्या आईचा निम्मा वेळ वाटेत जातो आणि सुपरवायझर कुरकुर करू लागतो.

शिरगावचा_यंत्रकार · 30 ऑगस्ट 2025

सेवेच्या बिलाचा मार्ग चौघांनाही मान्य आहे. आमच्याच स्टोअर रूममध्ये काम सुरू करतो. शेवटचा प्रश्न: मुलामागे आईकडून महिन्याला शंभर-दोनशे रुपये घेतले तर वजावटीवर परिणाम होतो का?

राजारामपुरी_करसल्लागार · 30 ऑगस्ट 2025

वजावट जात नाही. घेतलेली रक्कम उत्पन्नात दाखवावी आणि खर्च पूर्ण दाखवावा. परस्पर वजा करून निव्वळ आकडा टाकू नये. शेजाऱ्यांना द्यायच्या बिलांवरील जीएसटीचा प्रश्न वेगळा आहे, तो करार करण्यापूर्वी आपल्या सल्लागारांकडून तपासून घ्यावा. भागीदारांपैकी कोणाचे मूल तेथे ठेवणार असाल तर त्याच्या वाट्याचा खर्च त्या भागीदाराच्या खात्यावर नावे टाकावा, कारण तेवढा भाग वैयक्तिक आहे आणि त्या एका मुलावरून सगळ्या खोलीवर शंका घेतली जाऊ नये.